वारा थांबल्यानंतरचा आठवडा: घरगुती पाळणाघर आणि हरिकेन

वाचकाचं पत्र

मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटीमध्ये घरीच पाळणाघर चालवते. रीतसर नोंदणी आहे. माझा तीन वर्षांचा मुलगा धरून सहा मुलं येतात. एक बाळ सात महिन्यांचं, एक अकरा महिन्यांचं, बाकीची दोन ते चार वर्षांची. त्यांतल्या एका मुलीला दमा आहे. २०२४ साली बेरिल हे हरिकेन, म्हणजे इकडचं चक्रीवादळ, आलं तेव्हा आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती आणि माझी अगदी त्रेधा उडाली. पालक रोज विचारायचे, "उद्या उघडणार का?" यंदा नवऱ्याने जनरेटर आणलाय. सासूबाई अलिबागहून आल्यात. त्या म्हणतात, "निसर्ग आलं तेव्हा आम्ही दारं-खिडक्या लावून घरातच बसलो, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." घर सोडायचं की नाही, पाळणाघर कधी बंद करायचं आणि नक्की काय-काय भरून ठेवायचं, हे नीट सांगाल का?

उत्तर

सासूबाईंनी घरात बसायचं ठरवलं ते योग्यच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्या दिवशी उडते पत्रे आणि पडती झाडं चुकवायला पक्क्या घरासारखी जागा नव्हती. पण पुढचे दिवस कसे काढले, हे त्यांना विचारा. रायगडातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले होते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या अनुभवात आहे. लहान मुलं सांभाळणाऱ्या घराला हरिकेनचा मोठा धोका वाऱ्याच्या चार-सहा तासांत नसतो, तो नंतरच्या आठवड्यात असतो. उकाडा, जनरेटरचा धूर, नासलेलं दूध, भरून ठेवलेला टब, ओल्या भिंती आणि कुणाचं मूल कुणाकडे आहे याचा गोंधळ, सगळं तेव्हाच येतं.

आधी घर सोडण्याचं बघू. केटी समुद्रापासून इतकं आत आहे की वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी, म्हणजे स्टॉर्म सर्ज, तुमच्यापर्यंत येत नाही. ह्यूस्टन परिसरात घर सोडायचे जे ए, बी, सी झिप-झोन (पिनकोडवार विभाग) ठरवलेत ते किनाऱ्याकडचे आहेत. तुमचा झिपकोड त्यांत नसेल तर सगळे निघालेत म्हणून तुम्ही निघू नका. २००५ मध्ये रिटा हरिकेनच्या वेळी ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले. हायवे तासन्‌तास तुंबले, आणि टेक्सासमध्ये वादळापेक्षा त्या प्रवासातच जास्त माणसं दगावली, बरीचशी उन्हाने. कार सीटमध्ये अडकलेल्या बाळाला अशा रांगेत किती त्रास होईल, ते सांगायला नको.

पण केटीला स्वतःचा एक वेगळा धोका आहे, बार्कर जलाशयाचा. २०१७ मध्ये हार्वी हरिकेनचा पाऊस थांबत आला तरी जलाशयाचं पाणी मागे फुगत राहिलं आणि सिंको रँच, कॅनियन गेट भागातल्या घरांत शिरलं. त्यांतली पुष्कळ घरं फ्लड झोनच्या नकाशात नव्हती, म्हणून लोकांनी विमाही घेतला नव्हता. तेव्हा या आठवड्यातच एक काम करा. तुमचा पत्ता बार्करच्या फ्लड पूलमध्ये, म्हणजे जलाशय फुगल्यावर पाणी पसरतं त्या भागात, येतो का, हे काउंटीच्या नकाशावर बघा. येत असेल तर तुमच्यासाठी हरिकेनची कॅटेगरी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. हार्वी तुमच्यापर्यंत आलं तेव्हा त्याचा वारा ओसरला होता, बुडवलं ते पावसाने. अशा घरातून पाऊस सुरू व्हायच्या आधी निघायचं, रस्ते कोरडे असताना. ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोकडच्या दोन घरांना आत्ताच विचारून ठेवा. एकाच घरावर भिस्त ठेवली आणि ऐन वेळी त्यांच्याकडेच पाहुणे आले, तर पंचाईत होते.

पत्ता फ्लड पूलमध्ये नसेल आणि घर पक्कं असेल तर वारा घरातच काढा. खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत. वारा गेल्यावर, रस्ते मोकळे झाल्यावर, दुसरा निर्णय घ्यायचा असतो आणि तो लोक विसरतात. वीज दोन दिवसांत येणार नाही असं दिसलं, घरात गार अशी एकही खोली नाही आणि घरात बाळ आहे, तर तेव्हा गाव सोडा. बेरिल ८ जुलै २०२४ ला माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आलं ते फक्त कॅटेगरी १ होतं. तरीही ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आणि नंतरच्या दिवसांत अंधारातल्या तापलेल्या घरांत उष्माघाताने माणसं गेली. 'कॅटेगरी एकच आहे ना' हे वाक्य तुमच्या घरात कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

आता पाळणाघर बंद करण्याची वेळ. याचा नियम जूनच्या आत लेखी ठरवून पालकांची सही घ्या, कारण वादळ तीन दिवसांवर आलं की प्रत्येकाची अडचण खरी असते आणि तुम्हाला 'नाही' म्हणणं जड जातं. नॅशनल हरिकेन सेंटर दर वादळासाठी एक नकाशा काढतं. त्यात ट्रॉपिकल-स्टॉर्म वेगाचे वारे लवकरात लवकर कधी पोचू शकतात ते दिलेलं असतं. अंदाज दिवसातून चारदा येतात, ह्यूस्टनच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री १० वाजता. त्या नकाशावरच्या वेळेतून बारा तास वजा करा. ती तुमच्याकडून शेवटचं मूल बाहेर पडायची वेळ. बारा तास पालकांना फार वाटतील, पण पावसाचे पहिले पट्टे वाऱ्याच्या बरेच आधी येतात, अंडरपास भरतात, आणि डाउनटाउनहून किंवा मेडिकल सेंटरमधून निघालेली आई दोन-दोन तास रस्त्यात अडकते. शिवाय तुम्हाला स्वतःचं घरही आवरायचं असतं. ती वेळ रात्रीची येत असेल तर आदल्या संध्याकाळी बंद करा.

वॉच, म्हणजे वादळ येऊ शकतं असा इशारा, लागला की मुलं घरी पाठवायची असं नाही. वॉच वादळी वाऱ्यांच्या साधारण ४८ तास आधी येतो आणि वॉर्निंग, म्हणजे वादळ येणार असा इशारा, ३६ तास आधी. वॉच लागला की पालकांना पहिला मेसेज जावा: "उद्या अमुक वाजेपर्यंत, परवा बंद. आज येताना इतकं सामान आणा." वॉर्निंग लागली की दुसरा मेसेज, वेळ पक्की करणारा. अंदाजाच्या त्या सुळक्यासारख्या नकाशावर केटी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो सुळका फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वारा-पाऊस त्याच्या कितीतरी बाहेर जातो. बेरिलचा अंदाज सुरुवातीला मेक्सिको आणि दक्षिण टेक्सासकडे होता. वीकेंडला तो वर सरकत आला आणि सोमवारी पहाटे वादळ दारात होतं. शुक्रवारी मुलं घरी सोडताना कुणाच्या मनात काही नव्हतं. म्हणून जून ते नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या आखातात काहीही असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी पालकांना एक ओळ पाठवायची सवय लावा: सोमवारचं काय ते रविवारी सकाळी ११ ला कळवेन.

वारा नसलेल्या, नुसत्या पावसाच्या प्रणालीला हा बारा तासांचा हिशेब लागू पडत नाही. तेव्हा फ्लड वॉच, म्हणजे पुराचा इशारा, लागला की दुपारच्या आत मुलं घरी. रस्त्यावर फूटभर पाणी असलं तरी छोटी गाडी वाहून जाऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. "मी दहा मिनिटांवर आहे, येतेच" म्हणणाऱ्या पालकांना तुम्हीच थांबवायचं: "मूल सुखरूप आहे, आज तुम्ही येऊ नका." हे वाक्य तुम्ही मनापासून म्हणू शकाल एवढं सामान घरात हवं.

ते सामान किती? तुम्ही तिघं मोठी आणि सहा मुलं, म्हणजे नऊ जण. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, तीन दिवस, असं धरलं तर २७ गॅलन होतं. उकाड्याचं धरून ३० ठेवा. हे फक्त पिणं, स्वयंपाक आणि हात धुण्यासाठी. टॉयलेटसाठी टब भरून ठेवायचा सल्ला तुम्हाला सगळे देतील. पाळणाघरात मात्र टब भरला की त्या बाथरूमच्या दाराला वरच्या बाजूला कडी लागलीच पाहिजे. रांगणारं बाळ दोन इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि पाच गॅलनची बादली तर टबपेक्षा वाईट, कारण डोक्याकडून आत गेलेल्या मुलाला ती उलटत नाही आणि त्याला बाहेरही येता येत नाही. आम्ही तर म्हणू, टबऐवजी झाकणाचे, तोटीचे कॅन भरा.

बाळांच्या दुधाचं जरा सविस्तर सांगावं लागेल. फॉर्म्युला घेणाऱ्या बाळासाठी पावडर न ठेवता तयार, ओतून द्यायचा फॉर्म्युला ठेवा. त्याला पाणी लागत नाही आणि उघडेपर्यंत फ्रिजही लागत नाही. मोठी बाटली घेऊ नका. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि फ्रिज तर बंद असणार. ८ औंसच्या किंवा त्याहून छोट्या बाटल्या घ्या. सात महिन्यांच्या बाळाला दिवसाला तीन-चार बाटल्या लागतात, म्हणजे तीन दिवसांच्या बारा. ज्या ब्रँडची सवय आहे तोच घ्या, नवीन दूध त्या दिवशी सुरू करायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभराच्या आत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पावडर वापरायची वेळ आलीच तर सीलबंद बाटलीचं पाणी वापरा. नळाच्या पाण्याला 'उकळून घ्या' अशी सूचना असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पूर्ण उकळा. बाटल्या आणि निपल धुवायला स्वच्छ पाणी नसेल तर सरळ छोट्या डिस्पोजेबल कपाने पाजा. अकरा महिन्यांचं बाळ तर सहज पितं, सात महिन्यांचंही बाळ हळूहळू घोट घेतं. आधी एकदा कपाने पाजून बघा म्हणजे त्या दिवशी रडारड होणार नाही.

आईचं दूध फ्रीझरमध्ये असेल तर दार न उघडता, भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून आदल्या दिवशी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठासून भरा. एका पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. नंतर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर आतलं सगळं मध्ये एकदा वितळलं होतं हे कळतं. दुधात अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलेलं पण अजून गार असलेलं दूध एका दिवसात वापरायचं, गार राहिलं नसेल तर टाकायचं. टाकताना आईला वाईट वाटतं, ते तिला आधीच सांगून ठेवा. खालचा फ्रिज मात्र चार तासच. त्यानंतर दूध, दही, शिजवलेली डाळ, चिरलेली फळं, सगळं गेलं असं समजा. भाताच्या बाबतीत आपले लोक फार बेफिकीर असतात. उकाड्यात सकाळचा भात रात्री फोडणीला टाकून चालत नाही. त्यातले जंतू जे विष तयार करतात ते फोडणीने जात नाही.

खाऊमध्ये आपला डबा हरिकेनला चांगला उपयोगी पडतो, थेपले, खाकरे, गूळ-पोळी, राजगिरा लाडू. पण चिवडा चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. त्यातले शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप घशात अडकतात, आणि अंधारात, दंग्यात, रुग्णवाहिकेला यायला वेळ लागणार असताना ही जोखीम नको. फुटाणे आणि अख्खी द्राक्षंही नकोत. आजीला हेही सांगा की एक वर्षाखालच्या दोन्ही बाळांना मध चाटवायचा नाही, खोकला आला तरी नाही.

डायपर बाळामागे दिवसाला दहा धरा, डायपरमधल्या मोठ्या मुलामागे सहा, तीन दिवसांचे मिळून शंभरच्या आसपास. पालकांकडून प्रत्येक मुलाची एक झिपची पिशवी मागून घ्या, दोन कपडे, त्याचं पांघरूण किंवा बाहुली, औषध, आणि एक कार्ड.

ते कार्ड हा सगळ्या तयारीतला सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तोच राहून जातो. २००५ मध्ये कत्रिना आणि रिटा या वादळांनंतर हरवलेल्या किंवा ताटातूट झालेल्या मुलांच्या पाच हजारांहून अधिक नोंदी झाल्या, आणि शेवटचं मूल आपल्या घरच्यांकडे पोचायला महिने लागले. आपल्या मुलांची एक जास्तीची अडचण असते. तीन वर्षांच्या मुलाला "तुझ्या आईचं नाव काय?" विचारलं तर ते "आई" म्हणतं. शेल्टरमधल्या स्वयंसेवकाला त्यातून काय कळणार? म्हणून कार्डावर मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आई-बाबांची पूर्ण नावं आणि नंबर, टेक्सासबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर, ॲलर्जी, औषधाचं नाव आणि मात्रा, घरात बोलली जाणारी भाषा, आणि मागे मुलाचा पालकांबरोबरचा अलीकडचा फोटो. एक कार्ड पिशवीत, एक तुमच्या फाइलमध्ये, आणि फोटो तुमच्या फोनमध्येही. घर सोडून निघायची वेळ आली तर नाव-नंबर कपड्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. बाहेर लिहू नका, अनोळखी माणसाला मुलाचं नाव कळायला नको. तीन-चार वर्षांच्या मुलांना आई-बाबांची पूर्ण नावं गाण्यासारखी पाठ करून घ्या, ती हौसेने करतात.

मूल ताब्यात कुणाला द्यायचं याची यादी प्रत्येकी तीन नावांची असू द्या, आणि त्यांतलं निदान एक नाव तुमच्याच सबडिव्हिजनमधलं (वसाहतीतलं), म्हणजे पाण्यातून गाडी न चालवता चालत येऊ शकेल असं. "माझ्या मित्राला पाठवतोय" असा फोन आला आणि नाव यादीत नसेल तर मूल द्यायचं नाही. यादीतलं माणूस आलं तरी ओळखपत्र बघा, वेळ आणि सही वहीत घ्या. वादळानंतर कॉल लागत नाहीत, पण टेक्स्ट हळूहळू का होईना जातो. म्हणून पालकांशी बोलणं टेक्स्टवर होईल असं आधीच ठरवा, आणि सगळ्यांना टेक्सासबाहेरचा एकच नंबर द्या. त्या माणसाकडे सगळे निरोप जमा होतील.

आता तुमचा जनरेटर. आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला झोपेतच संपवतो. जनरेटर घरापासून किमान २० फुटांवर, धुराचं तोंड घरापासून उलट दिशेला. गॅरेजमध्ये, दार सताड उघडं ठेवूनसुद्धा, कधीच नाही. पॅटिओच्या छपराखालीही नाही. केटीत दोन घरांमधली बाजूची पट्टी अरुंद असते. तिथे ठेवलात तर तुमचं घर वाचेल पण शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीत धूर जाईल. मागच्या अंगणाचं लांबचं टोक हीच जागा. वायर आत घेताना दार जरा किलकिलं राहतं, ती फट टॉवेलने घट्ट भरा. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे (सीओ) अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ हवेत, आणि जूनमध्ये बटण दाबून तपासा. मुलांमधलं लक्षण फसवं असतं. डोकं दुखणं, उलटी, मरगळ बघून 'काहीतरी व्हायरल आहे' असंच वाटतं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं झालं तर ताप मोजत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ लावा. फोन चार्ज करायला गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणं किंवा पावसामुळे कोळशाची ग्रिल आत आणणं, यानेही हेच होतं.

पेट्रोलचे कॅन वॉटर हीटर किंवा ड्रायर असलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका, त्यांच्या ज्योतीने वाफ पेटते. टाकी भरायची ती यंत्र बंद करून, गार झाल्यावर. आणि जनरेटर भिंतीच्या सॉकेटला जोडायचा नाही. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्याचा जीव जातो. जोडायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच बसवून घ्या.

छोट्या जनरेटरवर सेंट्रल एसी चालत नाही आणि त्यासाठी धडपडूही नका. त्याऐवजी घरातली एक खोली निवडा, शक्यतो खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न येणारी. ५,००० बीटीयूचा छोटा खिडकी एसी साधारण ५०० वॅटच्या आसपास घेतो. तो आणि फ्रिज मिळून साधारण दोन हजार वॅटच्या यंत्राला झेपतं. खिडकीला जाड पडदा, दाराखाली चादर, आणि सगळी मुलं त्या एका खोलीत. सहा दिवस वीज नसली तरी असं घर निभावून जातं. नुसता पंखा पस्तीस अंश सेल्सियसच्या वर फारसा कामाचा नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. बाळांच्या लघवीवर लक्ष ठेवा. सहा तासांत डायपर ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू आत गेली, तर लगेच डॉक्टर. तुमची दोन्ही बाळं सहा महिन्यांच्या वरची आहेत म्हणून मधूनमधून थोडं पाणी चालेल, पण भर दुधावरच. रात्री त्यांना गादीवर मोठ्यांच्या मध्ये किंवा सोफ्यावर झोपवू नका. घडीचा पाळणा, सपाट गादी, बाळ पाठीवर, एवढंच.

उजेडासाठी मेणबत्त्या नकोत हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण त्यांच्या जागी लोक जे एलईडीचे छोटे दिवे आणतात त्यांत नाण्यासारखी बटण बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. एए किंवा डी बॅटरीचे मोठे कंदील घ्या, ज्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं ते.

दम्याच्या मुलीसाठी पालकांकडून इनहेलर, स्पेसर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला ॲक्शन प्लॅन, तिन्ही घ्या. नेब्युलायझर असेल तर तो बॅटरीचा आहे का विचारा. विजेवर चालणाऱ्या उपकरणाची गरज असलेल्या व्यक्तींना टेक्सासमध्ये स्टिअर नावाच्या यादीत नाव नोंदवता येतं, २११ या मदत क्रमांकाला फोन करून. हे तिच्या पालकांनी सीझनच्या आधी करायचं, आणि दरवर्षी पुन्हा.

मग पालकांचा तो प्रश्न, उद्या उघडणार का. उत्तर देण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा: नळाला सुरक्षित पाणी आहे का, टॉयलेट चालतं का, फ्रिज ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आहे का, मुलं राहतील ती खोली गार आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर बंद. घराचं नुकसान झालं असेल तर पाळणाघरांना परवाने देणाऱ्या लायसन्सिंग विभागाच्या प्रतिनिधीला त्याच दिवशी कळवा. त्यांना न सांगता दुसऱ्या घरात पाळणाघर हलवू नका, परवाना त्या पत्त्याचा असतो.

अंगण आधी मोठ्यांनी, जाड बूट घालून, वीत-वीत बघायचं. खिळे, काचा, लोंबकळती फांदी, कुंपणाच्या तुटलेल्या फळ्या. साचलेल्या पाण्यावर तांबूस तरंगता थर दिसला तर त्यात काठी घालू नका. त्या फायर अँट्स असतात, पुरात एकमेकींना धरून तरंगतात आणि पहिल्या कोरड्या वस्तूवर चढतात. ती वस्तू मुलाचा पाय असू शकते. पुराचं पाणी शिरलेल्या सँडबॉक्समधली वाळू पूर्ण काढून टाका, त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं.

घरात पाणी आलं असेल तर घड्याळ लगेच सुरू होतं, २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. भिजलेला गालिचा, पॅडिंग, गाद्या, कापडी खेळणी, भिजून फुगलेली पुस्तकं आणि लाकडी ठोकळे, सगळं फेकायचं. बुडालेली कार सीटही फेकायची. कडक प्लास्टिकची खेळणी आधी साबण-पाण्याने घासून, मग पाच गॅलन पाण्यात एक कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून त्यात निर्जंतुक करायची आणि आपोआप वाळू द्यायची. घासायच्या आधीच ब्लीच मारलं तर चिखल ते निष्प्रभ करतो. ताट-वाट्या, कप यांचं प्रमाण वेगळं, गॅलनला एक टेबलस्पून. ब्लीचमध्ये अमोनियाचा क्लीनर मिसळायचा नाही, विषारी वायू होतो. ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या पाट्यांची भिंत, भिजली असेल तर बाहेरून रंग देऊन झाकू नका. पाण्याच्या रेषेच्या वर फूटभर कापून आतलं इन्सुलेशन काढा आणि लाकूड पूर्ण कोरडं होऊ द्या. हे काम चालू असताना घरात मुलं नकोत, तुमचा स्वतःचा मुलगाही नको. दम्याची मुलगी तर बुरशीचा वास जाईपर्यंत नकोच.

मुलं परत आली की पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका. चड्डीतलं सू बंद झालेलं मूल पुन्हा करतं, पदर सोडत नाही, पाऊस आला की कान झाकतं. रागावू नका. रोजचा क्रम शक्य तितक्या लवकर पूर्वीसारखा करा, तेच गाणं, तीच खाण्याची वेळ. ठोकळ्यांचं घर बांधून "वादळ आलं" म्हणत पाडायचा खेळ मुलं पुन्हा पुन्हा खेळतील. खेळू द्या, मध्ये पडून गोष्ट गोड करू नका. बातम्यांचा टीव्ही मात्र मुलं असताना बंद. महिनाभर झोप किंवा खाणं बिघडलेलं राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. मोठ्यांसाठीही मदत आहे. डिझास्टर डिस्ट्रेस हेल्पलाइनचा नंबर १-८००-९८५-५९९०, दिवसरात्र. पालकांच्या यादीच्या तळाशी लिहून ठेवा.

पैशाचं दोन ओळींत. नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही, फ्लड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती लागू व्हायला बहुतेक वेळा ३० दिवस लागतात, म्हणून वादळ नकाशावर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. पाळणाघराचं सामान घरविम्यात किती धरलंय हे एजंटला लेखी विचारा, बहुतेक वेळा व्यवसायाच्या सामानाला फार थोडी मर्यादा असते. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा आणि तो फोनच्या बाहेरही ठेवा. बंद दिवसांची फी घ्यायची की नाही, किती दिवस घ्यायची, हे पालकांच्या करारात आत्ताच लिहा. बेरिलनंतर तुम्हाला जे रोजचे फोन आले त्यांतल्या बऱ्याचशा फोनमागे हाच न विचारलेला प्रश्न असणार. तुमच्या काउंटीसाठी केंद्राची आपत्ती जाहीर झाली तर फेमा या केंद्राच्या आपत्ती-मदत संस्थेकडे अर्ज करा, १-८००-६२१-३३६२. घराच्या नुकसानीबरोबरच वादळामुळे वाढलेल्या मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठीही त्यांची मदत असते. ती तुमच्या पालकांपैकी कुणाला लागू शकते, त्यांना सांगा.

सासूबाईंना एक काम द्या. वॉच लागला की फ्रीझरमध्ये बाटल्या ठासणं, थेपले करणं आणि सहा पिशव्यांमधली सहा कार्डं मोजणं त्यांच्याकडे. तुम्ही फोन आणि नकाशा सांभाळा, नवऱ्याकडे जनरेटर आणि अलार्म. कुणी काय करायचं ते फ्रिजच्या दारावर लावा.